कापशाचा उन्हाळा

हान्सेन साहेब नॉर्वेहून पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आले, तेव्हा बोटीतून त्यांच्याबरोबर बाईसाहेब आल्या आणि एक कुत्राही आला. पांढराशुभ्र, मानेभोवती आयाळ, शेपूट पाठीवर वळलेलं. तोंड मिटलेलं असलं तरी ओठांचे कोपरे वर, हसल्यासारखे. त्याचं खरं नाव कुणालाच नीट म्हणता येईना, म्हणून वसाहतीनं त्याला कापशा करून टाकलं.

बंगल्यावर कामाला रहाटणीची शालनबाई होती. धनगराची बाई; नवरा सयाजी मेंढरं राखायचा. पवना ओलांडून ती रोज सकाळी यायची. कुत्रा विंचरायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं, कारण बाईसाहेबांचा हात फार हलका होता.

"खालपर्यंत फणी जाऊ द्या की," ती म्हणायची. "वरवर कुरवाळून गुंता सुटंल व्हय?"

विंचरता विंचरता मोडक्यातोडक्या हिंदीत बाईसाहेब सांगायच्या. ह्याची जात उत्तरेकडच्या बर्फातली. तिथले लोक हरणांचे कळप घेऊन हिंडतात, कातड्याच्या तंबूत राहतात. हे कुत्रे दिवसा कळप वळवतात, गाड्या ओढतात आणि रात्री तंबूत पोरांना बिलगून झोपतात, म्हणजे पोरं गारठत नाहीत. त्यामुळं ह्यांना माणसावाचून राहवत नाही. एकटा बांधून ठेवलात तर रडून रडून जीव देईल.

शालनबाईची फणी थांबली. "म्हंजी धनगरच की ते!" ती म्हणाली. त्या दिवसापासून तो कुत्रा तिला परका वाटला नाही.

अठ्ठावन्न सालच्या मार्चमध्ये बाईसाहेबांची आई आजारी असल्याची तार आली. दोघंही तीन महिन्यांसाठी मायदेशी निघाले. बंगल्याची देखरेख कचेरीतल्या दौलतरावांकडे आणि कापशा शालनबाईकडे. निघताना बाईसाहेबांनी तिचे दोन्ही हात धरले. "केस कापायचे नाही. कितीही गरम झालं तरी नाही."

शालनबाईनं मान डोलावली खरी, पण मनातून तिला ते पटलं नव्हतं. मेंढी कातरली की कशी हलकी होऊन उड्या मारते, हे ती जन्मापासून बघत आली होती.

एप्रिल सरता सरता ऊन पेटलं. कापशा बंगल्याच्या ओसरीच्या फरशीवर पोट टेकून पडायचा, जीभ हातभर बाहेर. दोन दिवस त्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दौलतराव न्हाव्यालाच घेऊन आले.

"साहेबांचा कुत्रा मेला तर मी काय उत्तर देऊ? पार गुळगुळीत करून टाक," ते न्हाव्याला म्हणाले.

दूध घालायला आलेला सयाजीही म्हणाला, "खरं हाय त्यांचं. एवढी लोकर घिऊन वैशाखात कोन जगंल?"

शालनबाईनं कापशाला जवळ ओढलं. काय करावं ते तिलाही कळेना. तेवढ्यात तिचा हात त्याच्या मागच्या पायावर गेला. फेब्रुवारीत कुंपणाच्या तारेनं जखम झाली, तेव्हा पुण्याच्या जनावरांच्या डॉक्टरनं तिथले तळहाताएवढ्या जागेतले केस काढले होते. जखम कधीच भरली होती, पण केस अजून आले नव्हते, आणि ती उघडी कातडी उन्हानं भाजून लाल झाली होती. तिनं पाठीवरचे केस फाकवून पाहिले. आत कातडी तान्ह्या पोरासारखी गुलाबी. शिवाय मुळाशी गळलेली मऊ लोकर जाड घोंगडीसारखी दाटून बसलेली, वारा शिरायला जागाच नाही.

"न्हाई कातरायचा," ती म्हणाली.

"अगं, पण..." दौलतराव म्हणाले.

"हे बगा. जितं केस न्हाई, तितं भाजलंय. वरचे राठ केस म्हंजी त्येचं छप्पर हाय. छप्पर काढून कुनी घर गार करतं का? आतली मेलेली लोकर काढाय पायजे. ती फणीनं निघंल."

"आणि मेला तर?" दौलतरावांनी विचारलं.

"तर साहेबाम्होरं मी हुबी ऱ्हाईन. तुमी न्हाई."

न्हावी आपली पेटी घेऊन परत गेला.

शालनबाईनं कापशाला रहाटणीला नेलं. गावातल्या अर्जुनरावांच्या मळ्यात मोटेची विहीर होती, पाटावर आंब्यांची गर्द सावली. पाटाच्या कडेला चिखलात कुत्रा पडू द्या, एवढंच तिनं मागितलं. अर्जुनराव हसले, पण नाही म्हणाले नाहीत. ती रोज दीड-दोन तास विंचरायची. पहिल्याच आठवड्यात लोकरीचं गाठोडं निघालं. उजाडायच्या आत त्याला फिरवायचं, तेव्हाच ताकात कुस्करलेली भाकरी घालायची, दिवस चढला की सावलीतून हलू द्यायचं नाही. पांढरा कुत्रा मातीच्या रंगाचा झाला. गावातल्या बाया विचारायच्या, "शालने, मेंढरं सोडून ह्ये काय गं?" ती फणी चालूच ठेवायची.

मेच्या मध्यावर एका दुपारी वारा पडला. झाडाचं पान हलेना. कापशा उठायला गेला आणि पाय दुमडून कोसळला. डोळे फिरले, तोंडातून चिकट लाळ गळायला लागली.

सयाजी धावत आला. "वत बादलीभर पानी अंगावर!"

"पाठीवर नगं! वरच्यावर वाहून जाईल, आत पोचायचं न्हाई," ती ओरडली. दोघांनी मिळून त्याला उचललं आणि पाटाच्या वाहत्या पाण्यात पोटावर निजवलं. तिनं पंजे, जांघा, कान भिजवले, डोकं आपल्या मांडीवर धरलं. सयाजी सुपानं वारा घालत राहिला. त्याचे हात भरून आले, तरी ती थांबू देईना. लुगडं कमरेपर्यंत चिखलानं माखलं.

"शालन, गेला वाटतं गं," सयाजी हळूच म्हणाला.

"न्हाई गेला. वारा घाला."

सावल्या लांबल्यावर कापशाची धाप उतरली. त्यानं मान वळवली आणि पाटाचं पाणी चाटायला सुरुवात केली. तेव्हा कुठं शालनबाईला रडू फुटलं.

जूनमध्ये साहेब-बाईसाहेब परतले. कापशा वाळला होता, पण अंगावर पुरते केस होते. बाईसाहेब त्याच्या गळ्यात पडून रडल्या. मग शालनबाईला म्हणाल्या, "तुला काय देऊ?"

"मला काय नगं. पर एक सांगते, राग मानू नका. ह्यो एक उन्हाळा मी काडला. दुसरा मला काडता यायचा न्हाई, तुमालाबी न्हाई. ह्येला थंड मुलखात धाडा."

बाईसाहेबांना ते लागलं. दोन दिवस त्या तिच्याशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाचगणीला राहणाऱ्या एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना, कापशाला सांभाळाल का, असं विचारणारं पत्र लिहिलं. त्यांचा होकार आला.

पाऊस सरल्यावर कापशाला पोचवायला शालनबाई स्वतः गेली. घाट चढताना मोटारीत गार वारा शिरला, तसे कापशाचे कान ताठ उभे राहिले. ती तिथं आठ दिवस राहिली. डॉक्टरीणबाईंचा हात धरून फणी खालपर्यंत कशी न्यायची ते शिकवलं. आठव्या दिवशी कापशा त्यांच्या हातून जेवला, तेव्हा तिनं आपलं बोचकं उचललं आणि वाईला उतरणाऱ्या मोटारीची वाट बघत रस्त्यावर येऊन उभी राहिली.