दिपालीची सोनोग्राफी

येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही.

मेंढा घेताना तोंड नंतर बघायचं. आधी मागून हात घालायचा. दोन्ही अंडं सारखी हवीत, आत खडा लागायला नको.

भिंतीवर गुबगुबीत बाळ. बिनदाताचं, हसरं.

दौलताबादहून निघाल्यापासून अजिनाथ पाणी पितोय.

उस्मानपुऱ्यातल्या त्या सोनोग्राफी सेंटरमध्ये बाकांवर गरोदर बाया आणि त्यांच्या सासवा बसल्या होत्या. दिपाली त्यांच्यात बसली. अजिनाथ इतर नवऱ्यांसारखा बाटली घेऊन दाराशी उभा राहिला. शेजारच्या म्हातारीनं दिपालीला विचारलं, कितवा महिना. दिपाली नुसती हसली.

घरी सासूचा, म्हाळसाबाईचाही, तपासणी दिपालीचीच असा समज होता. लग्नाला तीन वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता, म्हणून तिनं सुनेला दवाखाने दाखवले होते, एका बाबाकडेही नेऊन आणलं होतं. आज निघताना अजिनाथ आईला म्हणाला, दिपालीची सोनोग्राफी आहे. दिपाली भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"अजिनाथ कडूबा."

तो हलला नाही. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. पुन्हा नाव पुकारलं. उघड्या दारातून आतल्या डॉक्टर दिसल्या, तसा तो दिपालीजवळ येऊन वाकला. बाईमाणूस हाय, माघारी जाऊ, पुटपुटला.

"मेंढा बघताना तुमी त्याला इचारता का?"

"ते जनावर हाय."

"मंग व्हा की घडीभर जनावर. मी तीन वरीस मेंढीच झालीया."

शेजारची म्हातारी पदराच्या काठाशी चाळा करू लागली. अजिनाथ आत गेला.

गाठ दुखते का, डॉक्टरांनी विचारलं. नाही. म्हणूनच तर थांबला होता तो. जे जनावर पाय झाडत नाही, त्याला मेंढपाळांच्यात कुणी दवा करत नाही.

"मॅडम, जरा बिगीनं करा. पाणी लई झालंय."

"पाणी कशाला प्यालात?"

"समद्या बाया पित्यात की."

तुमच्या तपासणीला लागत नाही, म्हणत डॉक्टरांनी त्याला आधी मोरीकडे पाठवलं. परत आला तेव्हा त्या हसत नव्हत्या, हे त्याला बरं वाटलं.

जेली गार होती. पडद्यावर उजवीकडचं दिसलं, धुतलेल्या लोकरीसारखं एकसारखं करडं. मग डावीकडचं. तीच लोकर, पण मधोमध काळा डाग. डॉक्टरांनी बटण दाबलं, डागात लाल-निळे ठिपके लुकलुकले. त्यांचा हात तिथंच थांबला. पुढं सरकेना.

अजिनाथला पडदा कळत नव्हता. थांबलेला हात कळत होता. मेंढ्यावर त्याचाही हात असाच थांबायचा. मग तो मेंढा तो घेत नसे.

"पाण्याची गाठ नाही, भरीव आहे," डॉक्टर म्हणाल्या. "नक्की काय ते पुढं कळेल, पण आजच सर्जनला दाखवा. बहुतेक डावं काढावं लागेल. उजवं चांगलं आहे."

"एकावर भागतं?"

"पुष्कळांचं भागतं. पण आता उशीर नको, दादा."

तो बाहेर आला. दिपालीनं सरकून जागा केली, तो पहिल्यांदाच बायांच्या बाकावर टेकला. सांगायला तोंड उघडणार, तोच म्हाळसाबाईचा फोन आला. काय निघालं तिच्यात, ती विचारत होती. फोनमधला आवाज बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जात होता. अजिनाथनं दिपालीकडे पाहिलं.

"तिच्यात कायबी नाय निघालं, आये. तपासणी माझी व्हती."

माळावर बोलतात तसा तो मोठ्यानं बोलला. दाराशी उभे असलेले नवरे वळून बघू लागले. पलीकडे म्हाळसाबाईमागं मेंढरं ओरडत होती, तेवढी ऐकू आली.

दिपालीनं त्याच्या हातातली बाटली घेतली. उरलेलं पाणी ती सावकाश प्याली.

गाठ पहिल्यांदा हाताला लागली तेव्हा, मागल्या साली, मेंढरं नदीकाठी गंगथडीला बसवलेली होती, आणि गाठ हरभऱ्याएवढी होती.