माझ्या जागी सुपारी

घरात मी नवऱ्याला अहो-जाहो करते. हे सांगताना मात्र ते जिभेवर येत नाही, म्हणून नुसतं देवानंद म्हणते.

देवानंद गजभिये, मुक्काम ओमाहा, नेब्रास्का. कौंटीच्या ऑफिसात सिव्हिल इंजिनिअर. शहाऐंशी साली तो राज्याच्या विधिमंडळासाठी उभा राहिला. इथलं विधिमंडळ बाकीच्या राज्यांसारखं नाही. सभागृह एकच, आणि निवडणूक बिनपक्षाची. बॅलटवर नावापुढे रिपब्लिकन की डेमोक्रॅट, काही लिहिलेलं नसतं. मे महिन्यात प्रायमरी होते, तिच्यात पहिले दोन येतील त्यांची लढत नोव्हेंबरात. आमच्या भागातून चौघं उभे होते. एक घरं विकणारा, एक निवृत्त शाळामास्तर, एक चर्चमधली बाई आणि देवानंद.

त्याला हौस म्हणून उभं राहायचं नव्हतं. आमच्या भागातला ओढा भरला की लोकांच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरायचं. देवानंदने त्यावर उपाय काढून दिला होता आणि त्याच्या साहेबाने तो दाबून ठेवला होता. जिथे आपलं कुणी दाबणार नाही अशा जागी त्याला जायचं होतं. मला ते पटलं. मी हॉस्पिटलात नर्स. ड्यूटी संपली की गॅरेजमध्ये बसून पाट्या काठ्यांवर ठोकायचे. पाट्यांवर आडनाव नव्हतं, नुसतं ‘देव’. अमेरिकन लोकांना गजभिये म्हणता येत नाही, असं तो म्हणाला. मी मान्य केलं.

मग एप्रिलमध्ये महाराष्ट्र मंडळ आमच्या दारात आलं. मंडळ म्हणजे श्रीरंग आणि त्याची बायको शैला. श्रीरंग बाळंतपणाचा डॉक्टर. आमच्या भागातली अर्धी पोरं त्याच्या हातावर जन्मलेली. त्याने दोन ओळी लिहून पोस्टकार्डं पाठवली, तर त्या सगळ्या आया त्याच्या शब्दावर मत देतील, यात शंका नव्हती. इतकी वर्षं ही माणसं गणपतीला आम्हाला बोलवायची ती खुर्च्या मांडायला. आता सोफ्यावर बसून ‘आपला मराठी माणूस, आपला मराठी माणूस’ असा घोष चालला होता. ही मंडळी येणार म्हणून देवानंदने बाबासाहेबांचा फोटो हॉलमधून काढून बेडरूममध्ये ठेवला होता. मी ते पाहिलं आणि चहा ठेवायला किचनमध्ये गेले.

शैला मदतीला म्हणून किचनमध्ये आली. सगळीकडे नजर फिरवून झाल्यावर गोड आवाजात म्हणाली, “किती स्वच्छ ठेवलंय हो घर. खरं सांगते, कळतच नाही.”

काय कळत नाही, ते मी विचारलं नाही. तिने वापरलेला कप मात्र मी दोनदा घासला. त्यांच्यातल्या कोणी कोणी आमच्या लोकांचे कप तसे घासले असतील, ते मला माहीत होतं.

श्रीरंगचं म्हणणं असं होतं की, प्रायमरीच्या आधीच्या शनिवारी त्याच्या घरी सत्यनारायण घालायचा, देवानंदच्या यशासाठी. यजमान म्हणून आम्ही दोघांनी बसायचं. पोस्टकार्डं त्याच दिवशी सगळे मिळून लिहितील. देवानंद म्हणाला, आम्ही बौद्ध आहोत, पूजा करत नाही. श्रीरंग हसला. म्हणाला, ते सगळ्यांना ठाऊकच आहे, आणि म्हणूनच तर बसायचं. “एकदा पूजेला बसलात ना, की लोकांच्या मनातलं निघून जाईल. आपल्यातलेच होऊन जाल, यार.”

ते गेल्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. छप्पन्न साली नागपूरला माझ्या बापाने मला खांद्यावर घेऊन दीक्षा घेतली होती. मी सात वर्षांची होते. इतक्या गर्दीत आपण काय म्हणतोय ते मला समजत नव्हतं, पण बापाचा आवाज समजत होता. या देवांची पूजा मी करणार नाही, असं तो म्हणत होता आणि म्हणताना रडत होता. देवानंदच्या बापानेही तेच म्हटलं होतं, त्याच मैदानावर. हे सगळं मी त्याला ऐकवलं. तो म्हणाला, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. मनात काही नसलं तर नुसतं बसायला काय जातंय? इथे बॅलटवर पक्षसुद्धा नाही, तू कुठे जातपात घेऊन बसलीस? जातपात मी घेऊन बसले होते म्हणे.

शनिवारी मी त्याच्याबरोबर गेले, कारण मला वाटत होतं की, आयत्या वेळी तो उठेल. हे मला खरंच वाटत होतं.

श्रीरंगच्या बेसमेंटमध्ये गालिच्यावर चौरंग मांडला होता. केळीचे खांब मिळत नाहीत, म्हणून चारी बाजूंना कुंडीतली झाडं. रवा संपला होता, तर प्रसादाचा शिरा क्रीम ऑफ व्हीटचा केलेला. चालतं म्हणे. मोहन नावाचा वीज कंपनीतला इंजिनिअर शनिवार-रविवार भटजी व्हायचा, तो ब्रीफकेसमधून पोथी काढत होता. आणि माझा नवरा श्रीरंगचा कद नेसून, उघड्या अंगाने पाटावर बसला होता. त्याचं पोट सुटलंय, हे मला त्या दिवशी दिसलं. मला त्याची कीव आली असती तर बरं झालं असतं. किळस आली.

मोहनने विचारलं, “वहिनी कुठायत?” शैला मला न्यायला आली. मी जिन्याच्या खालच्या पायरीपाशी उभी होते. मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की, मी बसणार नाही. देवानंद माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. उठ, एवढंच माझ्या मनात होतं. उठ, घरी जाऊ, हरलो तर हरू.

मोहन अजिबात गडबडला नाही. त्याच्या शास्त्रात सोय होती. बायको हजर नसेल तर नवऱ्याने कमरेला सुपारी लावून बसायचं, म्हणजे जोडीने बसल्यासारखं होतं. मी दहा पावलांवर उभी होते, पण हजर नव्हते. त्याने तबकातली एक सुपारी उचलून पुढे केली. देवानंदने ती घेतली, नीट कमरेला खोचली आणि हात जोडले.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कथा सुरू झाली. प्रसाद न घेणाऱ्याची नाव कशी बुडते, ते मोहन रंगवून सांगत होता. मी वर जाऊन गाडीत बसले. खाली सुपारी माझा संसार करत होती.

पोस्टकार्डं गेली. मंगळवारी शाळेच्या जिममध्ये मतदान होतं. मला दोन बॅलट मिळाले, एक पक्षाचा आणि एक बिनपक्षाचा. दुसऱ्यावर चौघांची नावं होती आणि तिथे मात्र त्याचं पूर्ण नाव छापलेलं होतं, देवानंद गजभिये. हे आडनाव त्याच्या आजोबांनी उन्हातान्हात, लोकांच्या दारात ऐकून घेतलेलं. मी बराच वेळ ते बघत उभी राहिले. मग तो बॅलट होता तसाच, कोणाच्याही नावापुढे खूण न करता, पेटीत टाकून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पेपरात निकाल आला. मास्तर पहिला, देवानंद दुसरा. तो नोव्हेंबरच्या लढतीत गेला. आठ वाजायच्या आत श्रीरंगचा फोन आला. सत्यनारायण पावला, असं तो सांगत होता आणि आता नोव्हेंबरच्या आधी मोठी पूजा घालायची, हेही सांगत होता. देवानंद ‘येस, येस, शुअर’ म्हणत होता.

फोन ठेवून तो किचनमध्ये आला. मी युनिफॉर्म घालून डबा भरत होते. त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, “रत्ना, एवढ्या लोकांनी मतं दिली, पण खात्री मला एकाच मताची होती. तुझ्या.”

“मी दिलं नाही,” मी म्हणाले.

त्याला वाटलं, मी चिडवतेय. मास्तरला दिलंस का, असं हसत विचारलं. मी सांगितलं की, कोणालाच दिलं नाही, बॅलट कोराच टाकला. हळूहळू त्याचं हसू उतरलं. तो खुर्चीवर बसला. मी वाट बघत होते. आता हा मान खाली घालेल, आता काहीतरी बोलेल. निदान चिडेल तरी.

त्याने मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, शरम नव्हती, नुसतं नवल होतं. अगदी मनापासून, काहीच ठाऊक नसल्यासारखं त्याने मला विचारलं, “का?”