विजेच्या खांबाला सॉरी

आमच्या बाबांना, क्लिफर्ड एन्ट्विसल यांना, सॉरी म्हणायची खोडच होती. बाजारात दुसऱ्याचीच पिशवी येऊन लागली तरी सॉरी म्हणणार बाबाच. एकदा मोरकमच्या समुद्रकिनाऱ्यावर चालता चालता विजेच्या खांबाला धडकले, तर टोपीला हात लावून त्यालाही सॉरी म्हणाले! आई पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "खांबाचं नशीब बघा. चौतीस वर्षं संसार करतेय, मला मिळालंय का एकदा तरी सॉरी?"

"तुझं काय वाकडं केलंय मी?" बाबा म्हणाले.

केलं होतं की! आईला गाडी शिकायची होती. दर वेळी बाबा म्हणायचे, "क्लच जाळशील." शेवटी तिने नाद सोडला. पण आमच्या हिरव्या मॉरिस गाडीमध्ये डावीकडची सीट ती पार पुढे ओढून बसायची, नाक काचेला टेकेल इतकी, आणि बाबांच्या आधी पाय दाबून नसलेला ब्रेक मारायची.

"एनिड, गाडी मी चालवतोय ना?"

"चालवा की. मी कुठे हात लावलाय?"

मागे बसून मी हसून हसून बेजार व्हायची.

आई गेली. सीट बाबांनी तशीच पुढे ठेवली. मी चाळिशीची बाई, पण बाजाराला जाताना लहान मुलीसारखी मागेच बसायची. ती सीट सरकवायची माझी काय बिशाद!

दुसऱ्या वर्षी बाबा लाल दिव्याला थांबले असताना पावाच्या व्हॅनने मागून ठोकलं. मागचा भाग चेमटला, तळाचा पत्रा वाकला. बाबा खाली उतरले आणि त्या ड्रायव्हरला काय म्हणावं? "सॉरी हं."

त्या पठ्ठ्याने विम्याच्या फॉर्मवर तेच लिहिलं: समोरच्याने जागेवरच माफी मागितली. बाबांचा विमा स्वस्तातला, फक्त दुसऱ्याचं नुकसान भरणारा. म्हणजे व्हॅनवाल्याच्या विमा कंपनीने चूक मान्य केली तरच दुरुस्ती, आणि तोवर वापरायला बदली गाडी. नाहीतर मॉरिस भंगारात. आईच्या सीटसकट.

"बाबा, तुम्ही नुसते उभे होतात! ठणकावून सांगा ना!"

"बिचारा थरथरत होता गं, ग्लेनिस."

"आणि गाडी भंगारात गेली म्हणजे?"

बाबांचं चहात बुडवलेलं बिस्किट तुटून पडलं, तरी त्यांना कळलं नाही.

त्या विमा कंपनीने नुकसान बघायला सर्वेअर पाठवला. गाडी ठेवली होती त्या नॉरिस मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये आम्ही भेटलो. चांगला धिप्पाड गृहस्थ, हातात तो फॉर्म. गाडीकडे धड बघितलंही नाही. "माफी मागितली असं स्पष्ट लिहिलंय. चूक नसताना कोण कशाला माफी मागेल?" असं म्हणत मागे सरकला तो थेट बाबांच्या पायावर, सगळं वजन टाकून!

बाबा कळवळले. "सॉरी, सॉरी! माझाच पाय मध्ये आला."

माझं डोकंच फिरलं. "लिहा आता! तुमच्या बुटाखाली पाय घातला, हाही यांचाच गुन्हा! लिहा!"

सर्वेअर लालबुंद झाला. बाबांच्या पायाकडे बघितलं, हातातल्या कागदाकडे बघितलं. "आमचे वडीलही असेच होते हो," तो हळूच म्हणाला. मग वाकून त्याने मागचा चेमटलेला पत्रा नीट तपासला. हेच आधी करायला काय झालं होतं? आठवड्याने पत्र आलं. चूक व्हॅनवाल्याची.

तीन आठवडे बदली गाडी मिळाली. चंदेरी, चकचकीत, आत नव्या प्लास्टिकचा वास. मी ऐटीत पुढे बसले, पाय लांब करून. बाबा मात्र घुम्यासारखे चालवायचे. एकदा चर्चच्या वळणावर एवढंच म्हणाले, "इथे ती हमखास ब्रेक मारायची." माझी ऐट तिथेच उतरली.

मॉरिस आणायला गेलो, तर नॉरिस मला बाजूला घेऊन म्हणाला, "तळाचा पत्रा बदलायचा होता. ती सीट काढावी लागली."

"अरे, बजावलं होतं ना तुला, तिला हात लावू नकोस म्हणून!"

"ओरडू नकोस, बाई. ते बघ." त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. खडूने लिहिलं होतं: एन्ट्विसल बाईंची सीट, सरकपट्टीवर पुढून दुसरी खाच. "तिथेच बसवलीय. एक खाचही इकडची तिकडे नाही."

मी कागदांवर सह्या करून बाहेर आले. बाबा गाडीत जाऊन बसले होते, दार उघडंच होतं. त्यांचा हात डाव्या सीटच्या पाठीवर होता.

"जळला असता क्लच, तर नवा टाकला असता," ते त्या सीटला सांगत होते. "शिकवायला हवं होतं मी तुला. सॉरी, एनिड."

मी हाक मारणार होते, मारली नाही. परत आत जाऊन नॉरिसशी उगाचच टायरांबद्दल बोलत राहिले. मग डोळे पुसले, गाडीचं मागचं दार उघडलं आणि माझ्या जागेवर जाऊन बसले.