देवजीच्या ऐनावरचा रानपिंगळा

पौषातलं कोवळं ऊन उंबरमाळीच्या डोंगरावर उतरलं होतं. पाड्यावरची माणसं राबासाठी फांद्या तोडत होती. फांद्या वाळवायच्या, शेताच्या कोपऱ्यात जाळायच्या आणि त्या भाजलेल्या मातीत भाताचं बी पेरायचं.

देवजी आपल्या ऐनाच्या झाडावर चढला, तोच खालून शेजारची राही ओरडली, "मामा, थांब! मधल्या फांदीला हात नको लावू. ढोलीत रानपिंगळा हाय."

तीन हिवाळे राही वनखात्याबरोबर पाखरं मोजत हिंडली होती. या जातीची हजारभर घुबडंही जगात उरली नसतील, हे तिला ठाऊक होतं. त्यातली मादी इथे, या ऐनात, अंड्यांवर बसली होती.

"पिंगळा?" देवजी हसला. "माझ्या घरावर बसतो रोज एक. रातभर भांडतो बायकोशी. तो घेऊन जा गो."

"तो ठिपक्यांचा. याचं डोकं कोरं. आन् हा दिवसा शिकार करतो. फांदी गेली तर मादी अंडी टाकून उडंल."

"आन् माझा राब? पिंगळा देईल काय?"

"एक बिडी ओढण्याइतका गप बस. तिचा नर खाणं घेऊन नाय आला तर तोड. मी अडवणार नाय."

"बिडी दे मग."

"झाडावर बिडी नाय. बस."

आठ दिवस ती याच वेळी इथे उभी राहिली होती. नर येणार, याची तिला खात्री होती. रान गप्प झालं. एक पान सुटलं, गिरक्या घेत खाली आलं.

मग तो आला. मूठभर देह, चोचीत सरडा, शेपूट डावी-उजवीकडे डोलतेय. ढोलीतून गोल तोंड बाहेर आलं, पिवळे डोळे चमकले, सरडा आत गेला. नर तिथेच बसला आणि घरमालकाने भाडेकऱ्याकडे बघावं तसा देवजीकडे बघत राहिला.

"अगो, माझ्याकडंच बघतो," देवजी कुजबुजला.

"झाड तुझं हाय, सांग त्याला."

"नको गो. हातात कोयता हाय, घाबरंल."

पलीकडच्या अंगाने देवजी सावकाश उतरला. "आता राबाला काय जाळू?"

"माझा ओढ्यावरचा ऐन."

"दुसऱ्याच्या झाडाला कोयता नाय लावीत मी."

"मी तोडते. तू उचल."

राही जवळच ओढ्यावरच्या आपल्या ऐनावर चढली, फांद्या खाली टाकू लागली, आणि कोयत्याच्या तालावर तिचा गळा मोकळा झाला :

ऐनाच्या ढोलीमंदी बसली पिंगळी उबवायाला,
धनी तिचा सरडा आणी दुपारच्या जेवायाला.

देवजीची बायको सकुबाई भारा न्यायला आली. दुरूनच तिने हाळी दिली, "अवो, आपल्या ऐनाची मधली फांदी इसरलात काय?"

देवजीने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल गो. बाळंतिणीचं घर हाय."