चौथे स्थळ

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. जाड बटणांचा, टेबलावर ठाण मांडून बसणारा. माझ्या कपाळावर एक सरकती कळ आहे. उत्तर दशांश चिन्हापुढे किती स्थळांपर्यंत दाखवायचे, ते ती ठरवते.

कारखान्यातून मी थेट कापडाच्या दुकानात आलो. मालकांनी पहिल्याच दिवशी कळ दोनवर आणली. "दोनच्या पुढचं गिऱ्हाईक बघत नाही," ते म्हणायचे. पुढे दुकान मुलाने हाती घेतले, मोबाइल आला आणि माझी रवानगी सुकलेल्या पेनांसोबत खणात झाली. वाईट वाटले, पण मला विचारतो कोण?

मला बाहेर काढले ते मालकांच्या सुनेने. ती बँकेत परकीय चलनाच्या सौद्यांच्या नोंदी करते. तिला स्वतः सौदे करायचे होते आणि त्यासाठी डीलरची परीक्षा होती. एकदा ती नापास झाली होती. आता पुन्हा झाली, तर डीलरची खुर्ची दुसऱ्याला जाणार होती. परीक्षेत साधाच कॅल्क्युलेटर चालतो, म्हणून माझे नशीब उघडले.

चलनाचे भाव चार स्थळांपर्यंत सांगतात, म्हणून तिने कळ चारवर आणली आणि सराव सुरू केला. मालक उजळणी घ्यायचे.

"भाव ऐकून 'माझं' म्हटलं तर?"

"घेतलं."

"आणि 'तुझं' म्हटलं तर?"

"विकलं. एकदा तोंडातून गेलं की परत फिरवता येत नाही, बाबा."

पण सरावात उत्तरे भलतीच येऊ लागली. रीत बरोबर, आकडा चूक. "माझ्या डोक्यात काही शिरतच नाही," म्हणून तिने पुस्तक मिटले. मला फार वाईट वाटले, कारण खरे कारण मला ठाऊक होते. मालक रोज मला मायेने पुसायचे आणि हाताच्या सवयीने कळ दोनवर सरकवायचे. मग मधल्या पायरीचे उत्तर दोन स्थळांतच तुटायचे आणि ती घाईत तिकडे न बघताच पुढे गुणायची.

एका सकाळी मालक मला पुसत असताना त्यांचा हात कळ दोनवर सरकवताना तिने पाहिला.

"बाबा, मला चौथं स्थळ लागतं."

"अगं, लग्न झालंय तुझं," मालक हसत म्हणाले. तिने दोनवर आलेल्या कळीवर बोट ठेवले, तेव्हा त्यांना चूक उमगली. त्यांनी चिकटपट्टी आणली आणि कळ चारवर पक्की केली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरूर जपा, पण जपताना त्या कुणाच्या कामाच्या आहेत तेही बघा. आणि उत्तर चुकले की लगेच स्वतःच्या डोक्याला बोल लावू नका.

ती पास झाली. निकालाच्या दिवशी तिने मला पुसून मालकांना परत द्यायला आणले. त्यांनी मला पुन्हा तिच्या हातात ठेवले.

"तुझं," ते म्हणाले.

"पण बाबा, हा तुमच्या दुकानातला..."

"तोंडातून गेलं. आता परत फिरवता येत नाही."