शांतारामच्या नावावरचा गोल

रविवारी सकाळी नोएडाहून निघताना मी वीणाला सांगितलं, आज मीटिंगमध्ये मला एक वाक्य बोलायचं आहे. ती मेथी निवडत होती. "एकच? मग जेवायला घरी याल," म्हणाली. माझी बायको आहे, मी बोलायला लागलो की थांबत नाही हे तिला चांगलं ठाऊक आहे. पण हे वाक्य एकोणचाळीस वर्षं माझ्या घशात अडकलेलं होतं आणि तिलासुद्धा मी ते सांगितलं नव्हतं. वाक्य साधं होतं. शहाऐंशीच्या फायनलमधला गोल शांतारामच्या चुकीने झाला नाही, माझ्या चुकीने झाला.

आमचा क्लब म्हणजे सह्याद्री स्पोर्टिंग. एक्कावन्न साली दिल्लीत सरकारी कारकुनी करायला आलेल्या मराठी पोरांनी काढलेला. पुढच्या वर्षी पंचाहत्तर पूर्ण होतात, म्हणून स्मरणिका निघणार, आणि तिच्यात एक पूर्ण पान 'क्लबचा सर्वश्रेष्ठ गोलकीपर' यासाठी राखलेलं. गोलकीपरच का, तर आम्हाला धड फॉरवर्ड कधी लाभलेच नाहीत. पंचाहत्तर वर्षांत जे काही नाव झालं ते गोलपोस्टमध्ये उभ्या असलेल्या माणसांनी केलं. शेवटी नावं दोनच उरली होती, शांताराम आणि जयदीप. त्या दिवशी मत घ्यायचं आणि सोमवारी मजकूर छपाईला द्यायचा असं ठरलं होतं.

शांताराम हिंदूराव हॉस्पिटलात होता. फुप्फुसं गेली होती. डॉक्टरांनी आठवडा सांगितला होता, त्यातले चार दिवस संपले होते. म्हणजे बोलायचं तर आजच.

मीटिंग करोल बागेतल्या एका हॉलमध्ये होती. कार्यकारिणीत नावं नऊ, हजर चार. अध्यक्ष तात्याराव, वय वर्षं एकोणनव्वद, एके काळचे आमचे कोच. मफलर, कानटोपी, हातमोजे, फक्त डोळे उघडे. सेक्रेटरी साकेत, मूळचा पुण्याचा, नोएडात आयटीत. त्याने उभ्या आयुष्यात फुटबॉलला पाय लावलेला नाही, पण लॅपटॉपवर आमच्या सगळ्या मॅचेस भरून ठेवल्या आहेत. स्मरणिकेचं संपादन करणारी मैत्रेयी. आणि मी.

"काका, मी सरळ डेटावर जातो," साकेत म्हणाला. "जयदीप सरांनी अकरा पेनल्टी अडवल्यात. चार वर्षं दिल्लीच्या टीममध्ये. शांताराम काका क्लबसाठी फक्त पाच सीझन खेळले. मग डिबेट कसली, यार?"

माझं टाळकं सटकलं. "पेनल्टी अडवायला गोलकीपर लागतो, पण मॅच वाचवायला शांताराम लागायचा," मी म्हणालो. "तुझ्या लॅपटॉपात पंच्याऐंशीची सेमीफायनल आहे का? कॉलरबोन मोडलेलं असताना पंचवीस मिनिटं उभा होता तो. एका हाताने बॉल बाहेर काढत होता. लागोपाठ चौदा मॅच एकही गोल खाल्ला नाही. जयदीपच्या पुढे चार चांगले डिफेंडर होते. शांतारामच्या पुढे कोण होतं? मी!"

मैत्रेयी हसली. तात्याही हसले, म्हणजे मफलर हलला. मी आणखी दहा मिनिटं बोललो. चिखलात तो बॉल कसा छातीशी घ्यायचा, त्याचा थ्रो मैदानाच्या मधोमध कसा जायचा, सगळं सांगितलं. ते एक वाक्य सोडून.

मैत्रेयीने एक जुनं कात्रण काढलं. दिल्लीतल्या मराठी मंडळींचं तेव्हा एक पाक्षिक निघायचं, त्यातलं. तिने वाचलं, "गोलरक्षकाच्या अक्षम्य चुकीमुळे सह्याद्रीच्या हातून शिल्ड निसटली." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, मला शांताराम काकांनाच मत द्यायचंय. पण हे आडवं येतं. आपण एकदाच फायनलला गेलो आणि ती अशी हरलो. तुम्ही तेव्हा स्टॉपर होतात ना? मग तुम्हीच सांगा. गोलमधून पुढे आलेला माणूस परत मागे का गेला?"

का गेला ते सांगतो.

मैदानावर आम्ही फक्त मराठीत ओरडायचो. समोरच्यांना कळू नये म्हणून तात्यांनी लावलेली सवय. त्यात एक गोष्ट पक्की होती. स्टॉपर, म्हणजे गोलच्या पुढचा मधला डिफेंडर, 'माझा' म्हणून ओरडला की गोलकीपरने बॉलला हात लावायचा नाही, जागेवर परत जायचं. विचारायचं नाही, बघायचं नाही.

शेवटची तीन मिनिटं उरली होती, शून्य-शून्य. डावीकडून उंच क्रॉस आला. शांताराम दोन पावलं पुढे आला होता, बॉल त्याचाच होता. तरी मी ओरडलो, "माझा!" कारण त्या दिवशी स्टँडमध्ये एका सरकारी खात्याचे दोन साहेब बसले होते. स्पोर्ट्स कोट्यातली एक जागा होती आणि नावं दोन, माझं आणि शांतारामचं. मला त्यांच्या नजरेत भरायचं होतं. तो लगेच थांबला, मागे फिरला. आणि मग त्यांचा धिप्पाड सेंटर फॉरवर्ड पाय उगारून येताना मला दिसला. बुटाचे खिळे थेट माझ्या तोंडासमोर. मी मान खाली घातली. सरळ सांगायचं तर शेपूट घातली. बॉल माझ्या कानाजवळून गेला आणि त्याने तो आत ढकलला. स्टँडमधून आवाज ऐकू येत नाही. तिथून एवढंच दिसलं की गोलकीपर पुढे आला, घाबरला आणि मागे गेला.

मॅचनंतर मैदानाच्या गेटबाहेर चहा व्हायचा आणि त्यालाही तात्यांचा नियम होता. हरलो तर आधी ज्याची चूक त्याने हात वर करायचा. त्याशिवाय कुणी ग्लास तोंडाला लावायचा नाही. आणि चहा पिऊन झाला की विषय कायमचा बंद. त्या नियमामुळे आमच्यात कधी भांडणं झाली नाहीत. त्या संध्याकाळी अकरा जण ग्लास धरून उभे होते. ते दोन साहेबही चहाला आले होते, आमच्यापासून चार हातांवर. मी खाली माझ्या बुटांकडे बघत होतो. तात्या म्हणाले, "चहा थंड होतोय." शांतारामने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्याने हात वर केला. "माझी चूक, तात्या."

तीन आठवड्यांनी मला नेमणुकीचं पत्र आलं. सरकारी क्वार्टर, बढत्या, पेन्शन, आता नोएडाचा फ्लॅट, सगळं त्या पत्रातून आलं. शांताराम गाझियाबादला एका कारखान्यात लागला. एक्क्याण्णव साली तिथल्या प्रेस मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मी बघायला गेलो होतो. मोसंबी नेली होती.

"काका?" मैत्रेयी अजून माझ्याकडे बघत होती.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात तात्याराव मफलरमधून बोलले, "बिल्कुल नाही. त्या गोलाचा चहा झालेला आहे. नियम म्हणजे नियम, त्यावर बोलायचं नाही. काय रे पद्माकर?"

तात्यांना काही माहीत नव्हतं. त्यांना फक्त नियमाचा अभिमान होता. पण मला तर बुडत्याला फळी मिळावी तसं झालं. मी म्हणालो, "तात्या म्हणतात ते बरोबर आहे. तो विषय तेव्हाच संपला."

असं म्हणालो मी. एक वाक्य बोलायला गेलो होतो, ते दुसरंच निघालं.

मतं घेतली. जयदीप तीन, शांताराम एक. ते एक माझं. मत देताना हात मात्र मी झटकन वर केला. साकेत लॅपटॉप मिटत म्हणाला, "चलो, काम झालं. सॉरी काका, तुम्ही फाइट छान दिलीत." त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याचा काय दोष होता?

शांतारामच्या बायकोला, सुनंदावहिनींना, मी सकाळी फोनवर शब्द दिला होता की निकाल लागला की येऊन सांगेन. ऑटोत बसलो. वाटेत ठरवलं, जयदीपचं नाव सांगायचं आणि तिथेच शांतारामची माफी मागायची. वॉर्डाचे जिने चढतानाही हेच घोकत होतो.

शांताराम उशीला टेकून बसला होता. आडवं झालं की श्वास अडकायचा. नाकावर मास्क. एवढा सहा फुटी माणूस, चादरीत कुठे आहे ते शोधावं लागत होतं. वहिनी कापसाने त्याचे ओठ ओले करत होत्या. मला बघून त्याने तीन बोटांचा हात वर केला आणि मास्क खाली ओढला.

"कोण?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडलं. "तू," मी म्हणालो.

ते माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. दया आली म्हणावं तर ते खोटं होईल. जयदीप म्हटलं असतं तर पुढचं वाक्य बोलावं लागलं असतं. तू म्हटलं की सुटका होती. निदान मला तसं वाटलं.

शांतारामने डोळे मिटले. मग म्हणाला, "म्हणजे सांगितलंस तू."

दुसरं काय वाटणार होतं त्याला? तो गोल नावावर असताना त्याला कोण निवडणार, हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं?

"काय सांगितलं भावजींनी?" वहिनींनी विचारलं.

"तो बॉल..." शांताराम म्हणाला. "याने हाक दिली होती. माझा म्हणून. म्हणून मी मागे गेलो." दर चार शब्दांनी तो थांबत होता, मास्क लावत होता, परत काढत होता. "चहा झाला होता. मग कसं बोलणार?"

वहिनींच्या हातातला कापूस तसाच राहिला. "मलासुद्धा नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी काय काय बोलले हो तुम्हाला. भांडण झालं की तेच काढायची. एक बॉल धरता आला नाही, म्हणून आज हे दिवस आले. तुमची बोटं गेली तेव्हासुद्धा बोलले." त्या त्याच्या पायांवर डोकं टेकून रडायला लागल्या. शांताराम तीन बोटांनी त्यांचे केस थोपटत होता.

मी पलंगाचा लोखंडी कठडा धरून उभा होतो. आत्ता बोल, असं मी स्वतःला सांगत होतो.

"मला वाटलं होतं, तू दुसऱ्या दिवशी सांगशील," शांताराम माझ्याकडे बघून म्हणाला. त्याच्या आवाजात राग अजिबात नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मग वाटायचं, उद्या सांगेल. पुढे वाटणं बंद झालं. बरं केलंस, पद्या. ऐकायला मी आहे तोवर सांगितलंस."

थोड्या वेळाने त्याचा डोळा लागला. चेहरा इतका निवांत मी त्याचा कधी पाहिला नव्हता. मी निघालो तर वहिनी गेटपर्यंत सोडायला आल्या. नको म्हटलं तरी ऐकेनात. मागच्या रिजच्या जंगलातली माकडं भिंतीवर ओळीने बसली होती, खाली गाड्यांचे हॉर्न वाजत होते. गेटबाहेरच्या टपरीवर त्यांनी "भैया, दो चाय" म्हटलं.

"स्मरणिका छापून आली की एक प्रत आणा भावजी," त्या म्हणाल्या. "हे असले तर यांच्या हातात देईन. नसले तर मी उत्तराला दाखवेन. तिलाही मी लहानपणापासून तेच सांगत आले ना, तुझ्या बाबांनी हातचं घालवलं म्हणून. आता छापलेलं दाखवायला हवं."

उत्तरा त्यांची मुलगी. मजकूर उद्या छपाईला जाणार होता, पानावर जयदीपचा फोटो होता. साकेतला फोन करायला अजून रात्र होती, तात्यांच्या घरी जायला अख्खी संध्याकाळ होती. मी म्हणालो, "आणतो."

त्यांनी डोळे पुसले आणि माझ्यासमोर हात जोडले. "इतक्या वर्षांनी असं चारचौघांत कबूल करायला छाती लागते. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता."

टपरीवाल्याने दोन कप पुढे ठेवले. वहिनींनी एक माझ्या हातात दिला. आपला हातात तसाच धरून त्या माझी वाट बघत राहिल्या.

"घ्या ना भावजी," त्या म्हणाल्या. "थंड होतोय."

मी चहा प्यायलो.