जाळीमागचा कापूस

मित्रांनो, मी एका रुग्णालयाच्या जनरेटरचा जुना रेडिएटर आहे. कारखान्यात माझ्या नळ्या ओळीने डाख देऊन जोडल्या, त्यांच्यावर कागदासारखे पातळ पत्रे बसवले. इंजिनाचं तापलेलं पाणी नळ्यांतून फिरतं, पंखा पत्र्यांमधून हवा ओढतो, आणि पाण्याची उष्णता मी त्या हवेला देऊन टाकतो. वर्षानुवर्षं हे काम मी बिनबोभाट केलं.

जनरेटर सांभाळणारे मामा माझ्यावर जीव टाकायचे. तपासणी आली की माझ्या पुढच्या जाळीला नवा रंग! साहेब लोक "वा!" म्हणायचे. जाळी काढून आत मात्र कुणी डोकावलं नाही. शेजारच्या धुलाईघरात चादरी वाळवताना उडणारा कापूस माझ्या पत्र्यांवर थरावर थर बसत गेला. माझा जीव गुदमरत होता, पण सांगणार कुणाला?

एका दुपारी वीज गेली. वर शस्त्रक्रिया चालू होती आणि टेबलावर मामांचीच बायको होती. माझं पाणी पंच्याण्णव अंशांवर गेलं. शंभरला इंजिन आपोआप बंद पडणार होतं.

"पाण्याचा पंप वाढवतो," म्हणत मामा पंपाकडे वळले.

"थांबा मामा," धावत आलेल्या रुग्णालयाच्या इंजिनिअर मॅडम म्हणाल्या. "पूर्वी पाणी ऐंशी, हवा पस्तीस. फरक पंचेचाळीसचा. आज हवा तेवढीच, पण फरक साठचा. इंजिनाची उष्णता तीच, रेडिएटरही तोच. म्हणजे उष्णता संक्रमणाचा गुणांक पाऊणच उरलाय."

"मॅडम, गुणांक राहू द्या हो! वर आमची ही आहे!"

"म्हणूनच सांगते. एका अंशाच्या फरकाला किती उष्णता पार होते, ते तो गुणांक सांगतो. पाणी उष्णता चटकन देतं, हवाच घ्यायला चेंगट. पंप वाढवून काडीचा फरक पडायचा नाही. हवेची वाट अडलीय. जाळी काढा आधी!"

जाळी निघाली आणि मामांनी कपाळावर हात मारून घेतला. पंखा माझ्या पलीकडे होता, म्हणून अलीकडून हात घालता आला. दोघं ब्रशने कापूस ओढून काढू लागली. काटा सत्त्याण्णववर गेला. मग अठ्ठ्याण्णववर. मामा काट्याकडे बघेनात, नुसता ब्रश ओढत राहिले. अखेर माझ्या पत्र्यांमधून हवा सळसळत गेली. काटा थबकला आणि हळूहळू उतरू लागला.

संध्याकाळी निरोप आला, बाई सुखरूप आहेत. मामा वर धावायचं सोडून माझ्याजवळच मटकन बसले आणि रडले.

मित्रांनो, तुमच्या फ्रिजच्या मागेही माझं एखादं भावंड धूळ खात असेल. वीज बंद करून एकदा तिथे ब्रश फिरवा. आम्हाला ओरडता येत नाही, आम्ही नुसते तापत जातो. आणि कधी कधी तेव्हा वर टेबलावर कुणाचं तरी माणूस असतं.